टॅक्स वाढला म्हणजे जागेचा भाव पडतो का?

ग्रामसभेत घरटॅक्स वाढवायचा विषय निघाला की विदर्भातल्या गावांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टॅक्स वाढवला त इथं प्लॉट कोन घेईन?" वाढीव पैसा शाळेच्या खोल्यांनाच लावू, असं सरपंचांनी सांगितलं तरी आक्षेप कायम राहतो. तर्क साधा आहे. जागेवरचा खर्च वाढला की जागेला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. या तर्काचा अर्धा भाग खरा आहे. उरलेल्या अर्ध्यावर अर्थशास्त्रज्ञ गेली साठ-सत्तर वर्षं काम करताहेत, आणि त्यातली एक युक्ती मला फार आवडते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

आधी आपल्याकडची व्यवस्था. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्य सरकार देतं. ग्रामपंचायतीचा घरटॅक्स दिवाबत्ती, नाल्या, साफसफाईत जातो. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि हा टॅक्स भांडवली मूल्यावर आला. म्हणजे जागेचं क्षेत्रफळ गुणिले रेडीरेकनरचा दर, त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर (घर जुनं असेल तर घसारा वजा), आणि वर वापराचा भारांक. राहतं घर असेल तर कमी, दुकान असेल तर जास्त. आलेल्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे, असा हा कर. मातीच्या घराला दर कमी, स्लॅबच्या घराला जास्त. वावरावर घरटॅक्स नाही, त्यामुळे खेड्यातली सगळ्यात मोठी संपत्ती या हिशोबाच्या बाहेरच राहते.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथे सरकारी शाळांचा बराच मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. शाळा चालवणारा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणून वेगळा घटक असतो, आणि नवी शाळा बांधायची तर बऱ्याच ठिकाणी लोकांचं मतदान घेऊन कर्जरोखे काढतात. ते कर्ज पुढची वीस-तीस वर्षं त्या भागातल्या घरांवरच्या वाढीव करातून फिटतं. "टॅक्स वाढला तर घराचा भाव पडेल" ही भीती तिथेही आहेच. फरक इतकाच की तिथे शाळा, कर आणि घराचा भाव या तिन्हींची नोंद एकाच भूगोलात मिळते, म्हणून भीती तपासता येते.

आता त्या तर्काचा खरा अर्धा भाग. म्हशीची किंमत बाजारात ठरते ती पुढच्या वेतांत ती किती दूध देईल आणि किती ढेप खाईल यावर, आज सकाळच्या धारेवर नाही. जागेचंही तसंच. समजा घरटॅक्स वर्षाला ५०० रुपयांनी वाढला आणि तो कायमचा वाढला. व्याजदर ८ टक्के धरा. पुढच्या वर्षी द्यायचे ५०० म्हणजे आजचे ४६३, कारण ४६३ रुपये आज बँकेत ठेवले तर वर्षानं ५०० होतात. त्यापुढच्या वर्षीचे ५०० म्हणजे आजचे ४२९. दहाव्या वर्षीचे २३२, तिसाव्या वर्षीचे फक्त ५०. ही उतरती रांग अनंतापर्यंत नेली तरी बेरीज फुगत जात नाही, ती ५०० भागिले ०.०८ म्हणजे ६,२५० वर थांबते. शाळेत शिकलेली भूमिती श्रेणी ती हीच. हिशोबी गिऱ्हाईक प्लॉटची किंमत ६,२५० रुपयांनी कमी सांगेल. याला भांडवलीकरण म्हणतात: दरवर्षीचा प्रवाह आजच्या एका रकमेत मुरतो.

पण जो नियम कराला लागू तोच शाळेलाही लागू. गावातली शाळा चांगली असेल आणि त्यामुळे एका मुलाच्या कॉन्व्हेंटच्या व्हॅनचे महिना ६०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे ६,००० वाचत असतील, तर आठ वर्षांच्या शिक्षणाचा आजचा हिशोब याच व्याजदरानं साधारण ३४,५०० रुपये होतो. (फी अजून धरलेली नाही.) ज्याच्या घरी लहान मूल नाही त्याचं काय? त्यालाही काही प्रमाणात मिळतं, कारण उद्या घर विकायला काढलं तर घेणाऱ्याच्या घरी मूल असू शकतं, आणि तो भाव त्या हिशोबानं देतो. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं हित शाळेशी असं जागेच्या भावातून जोडलं जातं.

कर भाव खाली ओढतो, शाळा वर. जिंकतं कोण, हे कागदावर ठरत नाही, मोजावं लागतं. १९६९ साली अर्थशास्त्रज्ञ वॉलेस ओट्स यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ५३ नगरांची आकडेवारी तपासली. कर जास्त तिथे घरांचे भाव कमी, शाळेवरचा खर्च जास्त तिथे भाव जास्त, आणि वाढवलेला कर शाळेवर खर्च झाला तर दोन्ही परिणाम जवळपास एकमेकांना फेडतात, असं त्यांना दिसलं.

इथे चौकस वाचक हात वर करेल, आणि बरोबरच आहे. चांगल्या शाळांची गावं आधीच श्रीमंत असतात. रस्ते चांगले, नोकऱ्या जवळ, लोक शिकलेले. मग भाव शाळेमुळे वाढला की श्रीमंतीमुळे? नुसत्या तुलनेतून हे कधीच सुटत नाही. प्रयोग करावा तर शंभर गावांत चिठ्ठ्या टाकून पन्नासांना शाळा द्यायच्या आणि पन्नासांना नाही, असं कोण करू देईल?

आता ती युक्ती. कॅलिफोर्नियात १९७८ च्या जनमतानं मालमत्ता कराला घराच्या नोंदलेल्या मूल्याच्या १ टक्क्याची मर्यादा घातली. शाळेच्या इमारतीसाठी त्यावर कर घ्यायचा तर कर्जरोख्यांचं मतदान जिंकावं लागतं. आधी त्याला दोन-तृतीयांश मतं लागत, २००० सालच्या दुरुस्तीनंतर काही अटींवर ५५ टक्के पुरतात. आता असे दोन भाग घ्या जिथे निकाल अगदी काठावर लागला. एकीकडे ५५.२ टक्के, शाळा मंजूर. दुसरीकडे ५४.८, नामंजूर. या दोन भागांतल्या लोकांत फरक तो काय? त्या दिवशी पाऊस आला, चार घरं मतदानाला गेली नाहीत, इतकाच. श्रीमंती, शिक्षण, शाळेबद्दलची आस्था, सगळं जवळपास सारखं. तरीही एका भागावर पुढची कित्येक वर्षं जास्त कर आणि नवी इमारत, दुसऱ्यावर दोन्ही नाही. चिठ्ठी कुणीच टाकली नाही, पण निसर्गानं टाकल्यासारखीच पडली. फक्त काठावरचे निकाल वेचायचे आणि दोन्ही बाजूंच्या घरांचे भाव वर्षानुवर्षं पाहत राहायचे. ९० टक्क्यांनी जिंकलेले आणि २० टक्क्यांवर हरलेले भाग या तुलनेत कामाचे नाहीत, ते मुळातच वेगळे असतात. थोडी अडचण अशी की यंदा हरलेला भाग दोन वर्षांनी पुन्हा मतदान घेऊन जिंकू शकतो, मग 'न मिळालेला' गट गढूळ होतो. त्यासाठी प्रत्येक मतदानाचा पुढच्या मतदानांवरचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

सेलिनी, फेरेरा आणि रॉथस्टाइन या तिघांनी हे सगळं निस्तरून २०१० साली निष्कर्ष छापला. मतदान जिंकलेल्या भागांत घरांचे भाव चढले होते. घर घेणारे लोक इमारतीवरच्या प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलर किंवा त्याहून जास्त मोजायला तयार होते. म्हणजे कर वाढूनही भाव वाढला, आणि याचा अर्थ त्याआधी शाळांवर गरजेपेक्षा कमी खर्च होत होता.

भावात काहीही मुरतं, हे मात्र विसरू नये. आपल्याकडे लेआउटमध्ये दक्षिणमुखी प्लॉट पूर्वमुखीपेक्षा स्वस्त जातो. कारण वास्तुशास्त्राची धास्ती. दक्षिणेकडे दार असल्यानं कुणाच्या घरात आजार किंवा कर्ज येत नाही, त्याला कसलाही आधार नाही, पण पुरेशा लोकांनी मानलं की भाव खाली येतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी असा प्लॉट निःशंक घ्यावा, तेवढे पैसे वाचतील. मुद्दा असा की भाव लोकांच्या समजुती मोजतो. समजूत खरी की खोटी, हे त्याला कळत नाही.

विदर्भातल्या खेड्यात हे यंत्र कसं चालेल? चालतंच आहे, फक्त उलट्या दिशेनं. गावातली शाळा पटली नाही की ज्याची ऐपत आहे तो मुलांसाठी तालुक्याला खोली करतो किंवा प्लॉट घेतो. लेआउटच्या फलकावर "शाळा-कॉलेज हाकेच्या अंतरावर" लिहिलेलं असतं ते उगाच नाही. गावाच्या शाळेची घसरण अशी तालुक्याच्या प्लॉटच्या भावात जाऊन बसते, आणि गावाला ती दिसतही नाही. २०२३ साली राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव आला. अशा शाळांची संख्या १४ हजारांच्या पुढे होती. पट कमी होण्यामागे कमी जन्म आहेत, तसं हे स्थलांतरही आहे.

गावातल्या भावाची चढउतार मात्र मर्यादित राहील. प्लॉटचा भाव शेजारच्या वावराच्या भावाखाली फारसा जात नाही, आणि वावर एनए करून नवे प्लॉट पाडता येत असतील तर फार वरही जात नाही. नागपूर-वर्ध्यालगतच्या गावात परिणाम ठळक दिसेल, मेळघाटात जवळपास नाही. म्हणून ग्रामसभेतल्या त्या वाक्यातली भीती बहुतेक गावांत मुळातच अवाजवी आहे.

खरी अडचण दुसरीच. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सॅन अँटोनियो शहरातला, शाळांना स्थानिक करातून पैसा देण्याच्या पद्धतीवरचा खटला गाजला. एजवूड या गरीब भागात १०० डॉलर मूल्यामागे १ डॉलर ५ सेंट कर होता आणि त्यातून राज्याच्या योजनेतला वाटा देऊन दर मुलामागे २६ डॉलर उरत. त्याच शहरातला अलामो हाइट्स हा श्रीमंत भाग ८५ सेंटच घ्यायचा, तरी उरत ३३३ डॉलर. जास्त टक्का देऊनही गरिबांच्या पोरांना तेरावा हिस्सा. न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत घटनेत बसते असं ठरवलं. मला तो निकाल आजही पटत नाही. आपल्याकडे सिमेंट कारखान्याशेजारची चंद्रपूर जिल्ह्यातली एखादी ग्रामपंचायत आणि भामरागड तालुक्यातली कुडाच्या घरांची ग्रामपंचायत यांना एकच दर लावला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. ४०० घरं, घरामागे ५०० रुपयांची वाढ धरली तर वर्षाला २ लाख येतात, तेही सगळी वसुली झाली तर. एवढ्यात एका कायम शिक्षकाचा वर्षाचा पगार निघत नाही. म्हणून पगार राज्यानंच द्यावेत, त्याला पर्याय नाही. गावाच्या टॅक्समधून इमारतीचंच काही करता येईल.

आणि इमारतीचं काय करावं, याचं उत्तर ताजं आहे. बियासी, लाफोर्चून आणि शोनहोल्झर यांनी काठावरच्या मतदानांची हीच युक्ती अमेरिकेतल्या अनेक राज्यांना लावली आणि पैसा नेमका कशावर गेला हे वेगळं काढलं. हवा थंड-गरम राखण्याची सोय, घातक द्रव्यं काढून टाकणं, अशा खर्चानं मुलांचे गुण वाढले, घरांचे भाव नाही. मैदानं आणि क्रीडासंकुलांनी भाव वाढले, गुण नाही. रस्त्यावरून जे दिसतं त्याला लोक पैसे मोजतात. आपल्याकडे भिंतींवर रंगीत चित्रं काढून 'डिजिटल शाळा' असा फलक लावण्याची जी हौस आहे, तिनं पालक खूश होतील, पाढे त्यानं पाठ होणार नाहीत.

उष्म्याचा पुरावा तर वेगळाही आहे. २०२० साली छापलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्षाचं सरासरी तापमान १ अंश फॅरनहाइटनं, म्हणजे सेल्सिअसच्या अर्ध्या अंशाहून थोडं जास्त वाढलं, की त्या वर्षीचं शिकणं सुमारे १ टक्का घटतं असं आढळलं. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी उघडतात, मार्चपासून सकाळपाळी लागते, तीही याच उन्हापायी. तरी एप्रिलमध्ये टिनाच्या छताखालच्या वर्गात दहा वाजता हात लावला तर बाक तापलेला असतो. छताला पांढरा परावर्तक लेप, खाली फॉल्स सीलिंग, चालणारे पंखे आणि भरलेलं वीजबिल, या कामांना २ लाख पुरेसे आहेत. त्यानं गावातला एकही प्लॉट महाग होणार नाही. ग्रामसभेत त्यासाठी टॅक्स वाढवायचा ठराव मांडताना भावाचं आमिष दाखवू नये, वर्ग थंड राहिला तर पोरं जास्त शिकतात एवढंच सांगावं.