कोंबडीच्या घशातली खुरखुर आणि सोळाशे अक्षरं

जाणता पोल्ट्रीवाला रात्री शेडमधला गोंगाट थांबला की दाराशी उभा राहून कान देतो. पिल्लांच्या घशातून खुरखुर ऐकू आली, की त्याची झोप उडते. रोग कोणता? रानीखेत, सीआरडी (श्वसनाचा चिवट आजार) की आयबी? कानाला तिन्ही सारखेच.

आयबी म्हणजे इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस. 1931 साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात पहिल्यांदा नोंदवलेला हा रोग कोरोना कुळातल्या विषाणूमुळे होतो. हा कोंबड्यांचा कोरोना माणसाला होत नाही. 2020 च्या सुरुवातीला ‘चिकनमुळे कोरोना’ या अफवेने आपल्याकडचे पोल्ट्रीवाले अक्षरशः रस्त्यावर आले, म्हणून हे पुन्हा सांगावंसं वाटतं.

या विषाणूची आरएनए या रेणूवर लिहिलेली जनुकीय संहिता सुमारे 27,600 अक्षरांची आहे. त्यातली एस-1 नावाच्या भागाची साधारण सोळाशे अक्षरं सर्वांत महत्त्वाची. विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं टोक त्यांवरून घडतं. पेशीला चिकटतं ते हेच टोक, आणि कोंबडीची प्रतिकारशक्ती मुख्यतः ओळखते तेही हेच. नक्कल करताना इथे चुका होत राहतात, आणि टोक पुरेसं बदललं की जुनी लस त्याला नीट ओळखत नाही. 2016 साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या एस-1 क्रमांची तुलना करून 6 जनुकप्रकार आणि 32 वंशशाखा ठरवल्या.

शाखा कळली की नुकसानाचा अंदाज येतो. 1990 च्या दशकात चीनमध्ये सापडलेला क्यूएक्स प्रकार कोवळ्या तलंगांची अंडनलिका कायमची बिघडवतो. पुढे कोंबडी धडधाकट दिसते, तुरा लालभडक, खाद्यही खाते. पण अंडं देत नाही. आणि मालकाला हे कळतं ते कित्येक महिन्यांनी.

पण शाखा कळायला नुसता ‘पीसीआर पॉझिटिव्ह’, म्हणजे विषाणू सापडला एवढंच सांगणारा अहवाल पुरत नाही. एच-120 सारखी लस म्हणजे अंड्यातल्या गर्भावर पुन्हापुन्हा वाढवून सौम्य केलेला जिवंत विषाणूच. तो लसीकरणानंतर काही आठवडे पक्ष्यात सापडू शकतो. घशातला विषाणू लसीतला की बाहेरून आलेला, हे अक्षरं वाचल्यावरच उलगडतं. त्यातही एक फसगत आहे. एकाच कोंबडीत दोन प्रकार शिरले तर ते संहितेचे तुकडे अदलाबदल करतात. काटा एकाचा, बाकीचा देह दुसऱ्याचा! म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण संहिता वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

अक्षरांतला फरक लस निवडायला दिशा देतो, निकाल देत नाही. मॅसॅच्युसेट्स आणि 793बी या दोन प्रकारांच्या लसी मिळून अनेक वेगळ्या प्रकारांपासूनही बऱ्यापैकी संरक्षण देतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यासाठी लस दिलेल्या पिल्लांना नव्या विषाणूची लागण करतात, काही दिवसांनी श्वासनलिकेच्या पातळ चकत्या कापतात आणि आतल्या बारीक केसांची लवलव अजून चालू आहे का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.