धान्य बँक (मराठवाडा)

सुगीत गावातल्या घरांनी एकत्र साठवलेले धान्य अडचणीच्या महिन्यांत गरजूंना उसने देण्याची व्यवस्था. मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत मात्र कणग्यांचा तळ दिसू लागतो. पूर्वी या दिवसांत सावकाराकडून सवाई-दिढीने ज्वारी आणत: नेली एक मण, फेडली सव्वा किंवा दीड मण. धान्य बँक हा त्याला पर्याय.

रेशनने भूक कमी केली, मिटवली नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो मिळते, म्हणजे पाच जणांना 25. भाकरीवर राबणाऱ्या तेवढ्याच घराला महिन्याला 50 ते 60 किलो लागते. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसे मागे राहतात; यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही.

भांडवल साधे: 100 घरांनी 25 किलो दिले की 25 क्विंटल जमतात. भूमिहीन घर रोज दोन वेळा मूठभर बाजूला काढते. मूठ 40-50 ग्रॅमची, त्यामुळे महिन्याला अडीच-तीन किलो होतात. उसने 50 किलो नेले तर सुगीनंतर 55 परत. वरचे 5 किलो म्हणजे वाढावा; तो व्याज नव्हे, घट आणि किडीची भरपाई. मोजमाप किलोतच ठेवावे. पायली गावागणिक बदलते आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. कोठीला दोन कुलपे, किल्ल्या दोन वेगवेगळ्या घरच्या बायकांकडे.

खरी कसोटी साठवणीची. दाणा दातांखाली ‘कट’ वाजला तर वाळला; दबला तर अजून दोन उन्हे दाखवावीत. ओलावा 12 टक्क्यांच्या वर असला की सोंडे, बुरशी, मग सगळी थप्पी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. थरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. राहत्या घरात धुरीच्या गोळ्या टाकू नयेत, त्यांचा वायू माणसालाही मारतो. जुने पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडले तर आधी वारा खेळू द्यावा, मग कंदील सोडून पाहावा. तो विझला तर कुणीही उतरू नये.

परतफेडीत काळी पडलेली खरीप ज्वारी खपवली जाते, म्हणून समोरच पाखडून घेतात. सोयाबीन वाढल्यापासून घरात पैसा येतो, दाणा येत नाही; तिथे रोख घेऊन मार्च-एप्रिलमध्ये, आडतीवर आवक भरपूर असताना बँकेने स्वतः ज्वारी घ्यावी. मागायला येणारा शक्यतो तिन्हीसांजेनंतर येतो. यादी चावडीवर लावणारी बँक त्याला गमावते.

सर्वांत मोठा धोका म्हणजे सगळ्यांचे एकदम बुडणे. 2014 आणि 2015 असा सलग पाऊस हुकला, तेव्हा कालव्याखालची गावेही कोरडी होती. अशा वर्षी फेड पुढच्या सुगीपर्यंत वाढावा न लावता ढकलतात, आणि साठ्याचा तिसरा हिस्सा चांगल्या वर्षीही उसना देत नाहीत.