एबीएस की पीबीटी? टेबलावरच्या कीबोर्डाचं उत्तर भिंतीवर चालत नाही

आमच्या हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराला काटकोनात एक भिंत आहे. तिथे मी एका मे महिन्यात दोन मेकॅनिकल कीबोर्ड एकाखाली एक लावले. दोन्हींच्या कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या, क्रीम रंगाच्या, अक्षरं तपकिरी. घरी येणारे विचारायचे, "सारखेच दोन कशाला लावलेत?" दोन हिवाळे गेल्यावर हा प्रश्न बंद झाला. वरचा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला होता आणि खालचा लावला त्या दिवशी होता तसाच होता. भिंत तीच, ऊन तेच. वरच्याच्या कीकॅप एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या होत्या, खालच्याच्या पीबीटी नावाच्या.

मेकॅनिकल कीबोर्ड घेणाऱ्या प्रत्येकाने ही दोन नावं ऐकलेली असतात. सल्लाही ठरलेला असतो: पीबीटी घ्या, एबीएस गुळगुळीत होऊन चमकायला लागतं. टाइप करणाऱ्यासाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. एबीएस जरा मऊ, त्यामुळे बोटांच्या घासण्याने ते काही महिन्यांत तुकतुकीत होतं, आधी ए, ई आणि स्पेसबारवर. भिंतीवरच्या कीबोर्डाला मात्र बोटं लागतच नाहीत. ज्या दोषासाठी एबीएस नाकारलं जातं तो तिथे दिसायचाच नाही. तिथे वेगळा दोष वर येतो, आणि सजावटीसाठी संग्रह लावणाऱ्याला तो कोणी आधी सांगत नाही.

एबीएस तीन घटकांचं बनतं: ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन. लेगोचे ठोकळे १९६३ पासून याच प्लास्टिकचे बनतात. यातलं ब्युटाडाइन म्हणजे रबराचा अंश. त्याच्यामुळे एबीएस पडलं तरी सहज फुटत नाही, पण त्याच्या रेणूंमध्ये जे दुहेरी बंध असतात त्यांच्यावर अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून काम करतात. त्या प्रक्रियेत जे नवे रेणू तयार होतात ते पिवळे दिसतात. ऊन हे काम वेगाने करतं. अंधाऱ्या पण तापणाऱ्या माळ्यावर ठेवलं तरी ते हळूहळू चालूच राहतं.

पीबीटी हे पॉलिएस्टरच्या घराण्यातलं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी त्याचं जवळचं भावंड. त्यात ब्युटाडाइनचं रबर नाही, म्हणून तसं पिवळं पडणंही नाही. आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड १९८५ मध्ये आला, त्याच्या कीकॅप पीबीटीच्या होत्या. त्या काळातले नग आज हातात घेतले तर धूळ पुसल्यावर राखाडी-पांढरा रंग स्वच्छ दिसतो.

दोन्ही प्लास्टिकं एकाच कीबोर्डावर वय होताना पाहायची असतील तर ॲपलचा १९८७ चा एक्स्टेंडेड कीबोर्ड बघावा. त्याची अक्षरांची बटणं पीबीटीची, पण स्पेसबार एबीएसचा. जुना नग समोर आला की बाकीचा कीबोर्ड फिकट आणि मधोमध पिवळी आडवी पट्टी असं चित्र हमखास दिसतं. यामागे साच्याची अडचण आहे. पीबीटी थंड होताना त्याचे स्फटिक बनतात आणि ते बरंच आकसतं. छोट्या कीकॅपला ते चालून जातं, पण लांब स्पेसबार वाकतो. म्हणून अनेक कारखान्यांनी बाकी सगळं पीबीटीचं करून स्पेसबार तेवढा एबीएसचा ठेवला. आजही कीकॅपचा सेट घेताना मी स्पेसबार वेगळा तपासतो, कारण भिंतीवर नजर सगळ्यात आधी त्या लांब पट्टीवरच जाते.

तपासायचं कसं? हाताला पीबीटी बहुतेक वेळा कोरडं, बारीक खरखरीत लागतं आणि एबीएस गुळगुळीत. पण नव्या एबीएसवरही कारखान्यात खरखर आणतात, त्यामुळे एकट्या स्पर्शावर मी विसंबत नाही. भरवशाची परीक्षा स्वयंपाकघरात होते. एका भांड्यात कोमट पाणी घ्या आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा. १०० मिलिलिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास लागतं. हे पाणी साध्या पाण्यापेक्षा जवळपास १.२ पट जड होतं. एबीएसची घनता १.०५ च्या आसपास, पीबीटीची १.३१. कीकॅप उताणी बुडवा, आत अडकलेली हवा बोटाने टिचकी मारून काढा आणि सोडून द्या. एबीएस वर येतं, पीबीटी तळाला बसतं. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी निकाल उलटा येतो, म्हणून दोनतीनदा करून बघा. नंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने एबीएस विरघळतं आणि पीबीटी टिकतं, अशीही एक परीक्षा आहे. ती कीकॅप खराब करते. संग्रहातल्या वस्तूवर ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं वाचून कोणी ठरवेल की भिंतीसाठी तरी पीबीटीच घ्यावं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण रंग.

एबीएस साच्यात नेमकं बसतं, फार आकसत नाही. त्यामुळे त्यात दुहेरी साच्याचं काम सुबक होतं: अक्षर एका रंगाच्या प्लास्टिकचं, भोवतालची कीकॅप दुसऱ्या रंगाची. अक्षर छापलेलं नसतं, आरपार वेगळं प्लास्टिकच असतं. जर्मनीतल्या जीएमके कंपनीकडे चेरी या कीबोर्ड कंपनीची जुनी दुहेरी साच्याची यंत्रणा आली आणि तिच्यावर बनलेल्या एबीएस सेटांसाठी जगभरचे संग्राहक महिनोन् महिने वाट पाहतात. गर्द निळ्यावर पिवळं, काळ्यावर टोमॅटोसारखं लाल, असे ठसठशीत रंग तिथे मिळतात आणि अक्षरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या धारदार असतात.

पीबीटीवर अक्षरं आणायची जुनी पद्धत म्हणजे डाय-सब्लिमेशन. रंगाची वाफ करून ती प्लास्टिकमध्ये मुरवतात, त्यासाठी २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. एबीएस १०५ अंशांच्या आगेमागेच मऊ पडतं, म्हणून हे काम पीबीटीवर करतात. रंग मुरवायचा असल्यामुळे अक्षर मूळ प्लास्टिकपेक्षा गडद असावं लागतं. गडद कीकॅपवर फिकं अक्षर हवं असेल तर अक्षर सोडून भोवतालचा सगळा भाग रंगवावा लागतो. हे सेट सुंदरच असतात, पण त्यांचं सौंदर्य सौम्य, खडूच्या रंगांसारखं. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून पाहताना एबीएसचा सेट भिंत भरून टाकतो, पीबीटीचा सेट भिंतीत मिसळतो. हॉलमध्ये काय हवंय ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग प्रश्न उरतो जागेचा, आणि इथेच माझी चूक झाली होती. मी भिंत निवडली मे महिन्यात. बाल्कनी दक्षिणेला, पण तेव्हा उन्हाचा एक कवडसाही आत येत नव्हता. पुण्यात मेच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमाराला येतो. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी जेमतेम ४८ अंशांपर्यंत चढतो आणि चार वाजता आणखी खाली उतरून बाल्कनीतून तिरपा आत शिरतो. जी भिंत उन्हाळ्यात सावलीत होती ती थंडीत रोज दोन तास उन्हात न्हात होती. महाराष्ट्रात कुठेही राहत असाल तर एबीएसची जागा ठरवण्याआधी डिसेंबरातल्या एका दुपारी त्या भिंतीसमोर उभं राहा.

खिडकीच्या काचेवरही विसंबू नका. साधी काच अतिनील किरणांचा एक पट्टा अडवते, पण दुसरा, लांब तरंगांचा, बराचसा आत सोडते. यूव्ही अडवणारी ॲक्रिलिकची शीट फ्रेमवर लावली तर फरक पडतो. शोकेसमध्ये दिवा हवा असेल तर एलईडी घ्या, त्यात अतिनील नगण्य असतं. मात्र बंद काचेच्या पेटीत दिवा तापू देऊ नका. पीबीटीबद्दलही एक सांगायला हवं: प्लास्टिक पिवळं पडत नसलं तरी मुरवलेला रंग सततच्या उन्हात फिका पडू शकतो.

पिवळं पडलेलं एबीएस पांढरं करायची एक युक्ती २००८ च्या सुमारास रेट्रोब्राइट या नावाने पसरली. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवायचं. रंग खरोखर उजळतो, पण पुष्कळदा काही काळाने पिवळेपणा परत येतो, आणि लेप सारखा नसला तर डाग राहतात. हातमोज्यांशिवाय तर ते करूच नये, कातडी भाजते.

बाकीची काळजी दोन्हींना सारखीच. केबल कीबोर्डाभोवती गुंडाळून ठेवू नका. केबलच्या मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि कीबोर्डाच्या एबीएसच्या कवचात चर पाडतं. मॉडेल एमसारखा कीबोर्ड दोन किलोंच्या वर भरतो, त्याला चिकटपट्टीचे हुक पुरत नाहीत. ड्रिल करून गिट्टी बसवा आणि स्क्रूवर टेकवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आतली पोलादी प्लेट गंजते. बंद शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या महिन्याला बदललेल्या बऱ्या.

आता बाल्कनीजवळच्या भिंतीवर माझ्याकडे फक्त पीबीटी आहेत. एबीएसचे गडद सेट बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये गेले, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि तिथे ते हॉलपेक्षाही देखणे दिसतात. तो पिवळा पडलेला कीबोर्ड मी उजळवला नाही. त्याच्या कीकॅप काढून धुवायला घेतल्या तेव्हा प्रत्येकीच्या बुडाशी, जिथे शेजारच्या कीकॅपची सावली पडत होती, तिथे मूळ क्रीम रंगाची बारीक कड शिल्लक होती. त्यातली एक मी पॅसेजमधल्या फळीवर आडवी ठेवली आहे, ती कड पुढे करून.