तळघर, वाळा आणि उलटा फिरणारा एसी : लष्करमधल्या घराची पार्श्वभूमी

दिवाळी झाली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरांत एक ठरलेली अदलाबदल होते. कूलर खिडकीतून उतरून गच्चीवर जातो, एसीवर जुन्या चादरीची खोळ चढते आणि माळ्यावरून लाल तारांचा हीटर खाली येतो. होळीनंतर सगळं उलट. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जानेवारीत ५ च्या खाली उतरतो, तिथे हे चालायचंच, असं मीही धरून चाललो होतो. मागच्या उन्हाळ्यात चिटणीस की गोठमध्ये राहणाऱ्या आत्यासाठी एसी घ्यायला गेलो आणि गार-गरम दोन्ही करणारं मॉडेल मागितलं. दुकानदार हसला. "ग्वालियर में कौन लेता है, भैया? सर्दी में तो हीटर है ना."

हे उत्तर डोक्यात राहिलं, कारण खरी गोष्ट नेमकी उलट आहे. एकाच यंत्राने दोन्ही ऋतू काढायचे तर ग्वाल्हेरसारखं गाव शोधून सापडायचं नाही. मग आपण दोन यंत्रं का पाळतो? त्याचा माग काढत गेलो तर आधी किल्ल्यावर जावं लागलं.

राजा मानसिंह तोमराचं (राज्यकाळ १४८६ ते १५१६) मानमंदिर, म्हणजे त्याचा महाल, लोक बाहेरून बघतात, निळ्या टाइलांची बदकं आणि हत्ती बघतात आणि फोटो काढून परततात. मला त्यातली कामाची गोष्ट वाटते ती जमिनीखालची. तिथे आणखी दोन मजले आहेत. १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला तेव्हा खालच्या खोल्यांत अंधार एवढा, की त्याला मेणबत्ती घेऊन हिंडावं लागलं. तसं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. भिंतींतून वर गेलेल्या पोकळ नळ्या आजचे गाइड 'टेलिफोन' म्हणून दाखवतात आणि एका पोराला दुसऱ्या टोकाला उभं करून ओरडायला लावतात. बोलणं जात असेलही, पण अशा नळीतून हवा नक्की जाते, आणि तळघराला तिचीच गरज. पुढे मोगलांनी किल्ल्याचा तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद इथेच कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच मारला गेला.

तळघराबद्दल एक गैरसमज आहे की ते गार असतं. ते गार नसतं, एकसारखं असतं. जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की तापमान वर्षभराच्या सरासरीच्या आसपास थांबतं. आपल्याकडे ते साधारण २५ अंश. वर ४५ असताना खाली २५, आणि जानेवारीच्या पहाटे वर ५ असतानाही खाली जवळपास तेवढंच. म्हणजे जमीन उन्हाळ्यात उष्णता घेते आणि थंडीत परत देते. हीटर आणि एसी दोन्ही एकाच जागी, बिलाशिवाय.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली. छावणी म्हणून तिचं नाव लष्कर. दक्षिणेतून आलेल्या सरदारांनी आणि कारकुनांनी इथे वाडे बांधले. चौक, ओसरी, देवघर तिकडचं, पण भिंती इथल्या वालुकाश्माच्या, हात-दीड हात जाडीच्या. आत्याच्या घराला छत आहे ते दगडी पटियांचं, म्हणजे लांब फरश्यांचं, वर चुन्याचा कोबा. अशा भिंतीला दुपारचं ऊन आत पोचवायला रात्र होते, आणि तोवर आपण गच्चीवर झोपायला गेलेले असतो. तिच्या तळघराला १४ पायऱ्या आहेत. तिसरी पायरी मधोमध खोलगट झालीय, तिथे प्रत्येक नवीन माणूस अडखळतो. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत जेवणं झाली की सगळं घर चटया घेऊन खाली उतरायचं, कोपऱ्यात पन्ह्याचा माठ, आणि चार वाजेपर्यंत कोणी वर येत नसे. आता खाली जुनी कपाटं आहेत.

वाड्याची दुसरी सोय वाळ्याची, म्हणजे सुवासिक मुळांच्या ओल्या पडद्यांची. इथे सगळे 'खस की टट्टी' म्हणतात, आत्या अजून 'वाळ्याचे पडदे' म्हणते. याची जुनी नोंद अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत आहे. अकबराच्या हुकमावरून वाळ्याच्या झोपड्या करण्याची पद्धत पडली आणि त्यांवर पाणी टाकलं की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असं तो लिहितो. हा अबुल फजल १६०२ मध्ये मारला गेला आणि त्याची कबर आपल्या अंतरीला आहे, ग्वाल्हेरहून झाशीकडे जाताना. गजक घ्यायला मुरैन्यापर्यंत जाणारे लोक अंतरीला सहसा उतरत नाहीत.

इंग्रजांच्या बंगल्यांत एकोणिसाव्या शतकात याच पडद्यांची एक पेटी झाली. तिच्या बाजूंना वाळा लावलेला, आत मोठं पंख्याचं चाक, बाहेर ते फिरवणारा नोकर आणि वाळ्यावर पाणी ओतणारा दुसरा. नाव थर्मँटिडोट. नोकराच्या जागी मोटर, पाणी ओतणाऱ्याच्या जागी छोटा पंप आणि वाळ्याच्या जागी लाकडाची 'घास' बसवा, आपला कूलर तयार. आतली विद्या तीच: एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं. कूलरचा पंखा आणि पंप मिळून तासाला जेमतेम दीड-दोन दशांश युनिट खातात. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी याच्याहून स्वस्त गारवा नाही, हे मी एसी विकणाऱ्यांसमोरही म्हणायला तयार आहे.

पण पाण्याला हवेत जागा लागते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा २३ च्या आसपास उतरतो. कूलर त्याच्या जवळपास जाऊ शकतो. जुलैत ३४ अंश आणि ७५ टक्के असेल तर तोच पारा ३० वर अडतो. मग कूलर घाम वाळू देत नाही, वर भिंतीला ओल आणतो. शिवाय उन्हाळ्यात तिघरा धरणाचं पाणी उतरलं आणि नळ एक दिवसाआड झाले, की बादली माणसांना द्यायची की कूलरला, हा प्रश्न इथे खराखुरा पडतो.

आता बर्फाकडे. बर्फाशिवाय एसीचा 'दीड टन' हा शब्द कळत नाही. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर याने लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादेत बर्फ कसा होतो ते लिहून कळवलं. उथळ खड्ड्यांत उसाच्या वाळक्या पाल्याचा थर, त्यावर मातीच्या उथळ थाळ्या, त्यांत उकळून निवलेलं पाणी. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पाणी आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे फेकतं आणि पहाटे थाळीत पापुद्रा धरतो. उन्हाळ्यात आपण गच्चीवर गाद्या टाकायचो त्यातही हीच गंमत होती.

नंतर बर्फ विकत येऊ लागला. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं टस्कनी जहाज चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्याला लागलं. निघताना १८० टन बर्फ होता, उरला सुमारे १०० टन. यंत्राने गारवा करायला लागल्यावरही माप बर्फाचंच राहिलं. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तो 'एक टन', म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. आत्याने "दीड टनाचं धूड भिंतीला पेलेल का?" असं विचारलं होतं, तिला हे सांगावं लागलं.

ज्याला आपण एसी म्हणतो त्याची मूळ कल्पना मात्र केवळ गारव्याची नव्हती. १८५२ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच हवेच्या प्रवाहाने इमारती 'तापवणे किंवा गार करणे' असे दोन्ही शब्द आहेत. मुद्दा साधा: कोळसा जाळून उष्णता तयार करण्यापेक्षा बाहेरच्या गार हवेत असलेली उष्णता उचलून आत आणायला कमी ऊर्जा लागते. चारच वर्षांनी ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगरने एबेन्सेच्या मिठागरात हे तत्त्व वापरून पाहिलं. पण कोळसा स्वस्त होता, उष्णता उचलण्याची फिकीर कोणाला? जिथे कोळसा नव्हता तिथे ती होती. स्वित्झर्लंडमध्ये १९३८ मध्ये झुरिकचं नगरभवन लिम्मात नदीच्या पाण्यातली उष्णता ओढून गरम होऊ लागलं.

दुसरी शाखा अमेरिकेतली. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं ते माणसांसाठी नव्हे, कागदासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. हवेतलं पाणी काढणं हे त्या यंत्राचं पहिलं काम होतं, आणि आपल्या जुलैत कूलर जिथे हात टेकतो तिथे एसी जिंकतो तो म्हणूनच.

भारतात आली ती ही दुसरी शाखा. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलच्या डब्यात बर्फाच्या लाद्यांवरून हवा फुंकून गारवा केला गेला. आपल्या स्टेशनावरून जाणाऱ्या पंजाब मेलला वातानुकूलित डबा मिळाला १९४५ मध्ये. १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट ही स्विस कंपनी मिळून व्होल्टास निघाली. सगळीकडे एसी म्हणजे गारवा, आणि गारवा म्हणजे साहेबाची केबिन. तेच यंत्र उलटंही चालू शकतं, फक्त आतल्या वायूची दिशा फिरवणारी चार तोंडांची एक झडप लागते, हे गिऱ्हाइकाला सांगायचं कोणाला कारणच नव्हतं. इकडे शेगडी जाऊन हीटर आला. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेतायचं, तेव्हा ती गेली हे बरंच झालं. पण २००० वॉटचा हीटर फार तर २००० वॉटचीच ऊब देतो. उलटा फिरणारा एसी तेवढीच ऊब ६००-७०० वॉटमध्ये आत आणतो, कारण उरलेली तो गल्लीतल्या हवेतून उचलतो.

१९८१ मध्ये तोशिबाने घरगुती इन्व्हर्टर एसी काढला आणि यंत्राचा स्वभाव बदलला. तोवर कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोरात किंवा बंद. आता तो गरजेपुरता हळू चालू लागला. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्यातून ऊर्जा दक्षता ब्युरो, मग २००६ पासून वीजबचतीचे तारे. एसीवर ते सक्तीचे झाले २०१० मध्ये. २०१८ पासून इन्व्हर्टर आणि साधे एसी एकाच मोसमी फूटपट्टीने (पूर्ण मोसमात किती विजेत किती गारवा) मोजले जातात आणि २०२० पासून नवा एसी सुरू केला की आधी २४ अंशांवर येतो. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणजे जुना ५ तारेवाला आज कमी ताऱ्यांचा ठरतो.

या फूटपट्टीत ग्वाल्हेरकरांनी दोन गोष्टी बघाव्यात. ती वर्षाला १६०० तास आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरते. आपला मे महिना ४३ च्या पुढे चालू होतो. आणि ती मोजते फक्त गारवा. हिवाळ्यात वाचणाऱ्या युनिटांना एकही तारा मिळत नाही, मग दुकानदाराने ते मॉडेल कशाला ठेवावं?

पंख्यांबद्दल थोडक्यात: जुना छताचा पंखा ७५ वॉट, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. आधी ते बदला, मग बाकीचं बोलू.

छताबद्दल मात्र थोडक्यात होणार नाही. पटिये आणि कोबा जाऊन काँक्रीटचा स्लॅब आला तेव्हा घराने आपलं अर्धं शहाणपण गमावलं. आत्याच्या घराचा मागचा भाग पाडून नवीन खोली बांधली, तिथेच एसी लागला. जुन्या भागात तो अजून लागत नाही. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब संध्याकाळी तव्यासारखा खाली उष्णता सोडतो आणि जानेवारीत तीच खोली पहाटे बर्फासारखी. २०१८ च्या 'इको निवास संहिते'त भिंत आणि छत यांतून किती उष्णता यावी याची मर्यादा आहे, पण ती नव्या, मोठ्या वसाहतींच्या कामाची. आम्ही स्लॅबवर दोन हात पांढरा चुना दिला, फेव्हिकॉल घालून. गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं की नाही, ही आत्याची कसोटी. मेमध्ये सकाळी ११ पर्यंत येत होतं.

गार-गरम मॉडेल शेवटी मागवून घ्यावं लागलं, आठ दिवस लागले. डिसेंबरात खोळ घालायला आत्या चादर घेऊन आली तेव्हा मी थांबवलं. "थंडीत एसी लावला तर गल्लीत वेड्यात काढतील रे," म्हणाली. संक्रांतीच्या आधीच्या एका धुक्याच्या पहाटे आत २२ अंश होते आणि ती तिळाच्या वड्या थापत बसली होती. मधेच एसी थांबला, काही मिनिटं गप्प. मी बाहेर जाऊन पाहिलं. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांवर बर्फाचा पांढरा पापुद्रा धरला होता, थाळीतल्यासारखा, आणि यंत्र तो वितळवण्यासाठी थोडा वेळ उलट फिरत होतं. खालून पाण्याची धार लागली, वाफ निघाली. समोरच्या घरातले काका मफलर गुंडाळून बघत होते. "अहो, तुमचा एसी जळतोय का?"