फायरप्लेस इन्सर्ट

घराच्या भिंतीत आधीपासून असलेल्या उघड्या फायरप्लेसमध्ये सरकवून बसवायची पोलादी किंवा बिडाची बंदिस्त लाकूड-शेगडी. तिला पुढून उष्णता सोसणाऱ्या काचेचे दार असते. उघडी फायरप्लेस दिसायला देखणी, पण खोली तापवण्याच्या कामी फारशी उपयोगाची नाही. जाळाबरोबर खोलीतली उबदार हवाही धुराड्यातून वर खेचली जाते आणि लाकडातल्या ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा घराला मिळतो. इन्सर्टमध्ये झडपेतून बेताचीच हवा आत येते, शिवाय ज्वाळांच्या वर तापलेली जादा हवा सोडल्यामुळे एरवी धूर होऊन निसटणारे वायूही जळतात. चांगल्या इन्सर्टची कार्यक्षमता ६५ ते ८० टक्के असते.

बसवणीत शेगडी आत सरकवणे हा सोपा भाग. खरे काम धुराड्याचे. उघड्या जाळासाठी बांधलेले धुराडे ऐसपैस असते. इन्सर्टमधून निघणारा धूर त्यामानाने थोडा आणि कमी गरम. रुंद, थंड विटांमध्ये तो रेंगाळतो, सुमारे १२० अंश सेल्सियसच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्ये भिंतींवर गोठतात. हा थर, म्हणजे क्रिओसोट, पेटला तर धुराड्यात १,००० अंशांवर तापमान जाऊ शकते. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत अमेरिकेत पुष्कळ इन्सर्ट नळी न जोडताच फायरप्लेसमध्ये ढकलले गेले. धुराडे साफ करायचे तर अख्खी जड शेगडी बाहेर ओढावी लागे, साहजिकच ती सफाई टळत राही.

म्हणून आता शेगडीच्या माथ्यावरच्या, धूर बाहेर पडणाऱ्या तोंडापासून धुराड्याच्या माथ्यापर्यंत स्टेनलेस स्टीलची अखंड नळी, म्हणजे लायनर, घालतात. व्यास बहुधा १५० मिलिमीटर. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेच्या एनएफपीए २११ या मानकानुसार धूरमार्गाचे क्षेत्रफळ शेगडीच्या तोंडाच्या तिपटीहून जास्त नसावे. धुराड्याची एखादी बाजू घराबाहेर उघडी असेल, तर दुपटीहून. अशा गारठणाऱ्या धुराड्यात लायनरभोवती उष्णतारोधक गुंडाळणे फायद्याचे ठरते.

मापे घेताना फायरप्लेसची मागची रुंदी आणि उंचीही पाहावी लागते, कारण ती आत निमुळती होत जाते. आधी जुनी काजळी झाडून विटांतल्या भेगा तपासतात. धुराड्यातली मूळ झडप काढून टाकतात. लायनर उतरत नसेल, तर तिची चौकटही कापतात. मग त्या जागी, लायनरभोवती, पत्र्याचा पडदा आणि सिरॅमिक लोकर बसवून फट बुजवतात. पैसे वाचवण्यासाठी हाच टप्पा अनेकदा गाळला जातो, आणि शेगडीच्या माथ्यावरची ऊब विटांमध्ये जिरते. समोरची जमीन न जळणाऱ्या साहित्याची हवी. लाकडी मँटेलपासूनचे, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीपासूनचे, अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवायचे, अंदाजाने नव्हे. कारखान्यात बनलेल्या पत्र्याच्या फायरप्लेसमध्ये तिच्यासाठी चाचणी झालेलाच इन्सर्ट चालतो.

खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा आणि लाकडात ओलावा २० टक्क्यांहून कमी. ओले लाकूड जाळले तर नव्या लायनरमध्येही क्रिओसोट धरतो. लायनर वर्षातून किमान एकदा तपासून झाडून घेतात. त्या वेळी शेगडीतल्या वरच्या आडव्या फळ्याही काढाव्यात, नाहीतर वरून झाडलेली काजळी त्यांच्यावरच साचून धुराची वाट अडते.