‘पुरावा आणा’ म्हणजे नेमके काय आणायचे?

पदवीच्या एकाच वर्गात रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आणि इतिहासाचा विद्यार्थी शेजारी बसलेत. शिक्षक म्हणतात, ‘पुरावा आणा.’ तिला मोजमापांचा तक्ता आठवतो, त्याला जुना पत्रव्यवहार. गैरसमज दोघांचाही नाही. संशोधन शिकवण्याच्या रीतीच एकेका शाखेच्या घरात वाढल्या.

१७८७ मध्ये जर्मनीतल्या हाले विद्यापीठात फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ यांनी अभिजात भाषांचा सेमिनार सुरू केला. तिथे व्याख्यान ऐकून टिपणे काढणे पुरेसे नव्हते. ग्रीक-लॅटिन संहितेचा अर्थ विद्यार्थ्याने स्वतः लावायचा आणि तो इतरांपुढे टिकवायचा. लिओपोल्ड फॉन रांके यांनी बर्लिनमध्ये हीच शिस्त इतिहासाच्या मूळ कागदपत्रांना लावली. दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली. १८२४ मध्ये अवघ्या २१ व्या वर्षी यूस्टुस फॉन लीबिग गीसेनला रुजू झाले आणि तिथे विद्यार्थी स्वतःच्या हाताने रासायनिक विश्लेषण करू लागले.

अमेरिकेत १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने हा जर्मन नमुना उचलला, पण मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर. पदवीच्या मुलांच्या वाट्याला बहुतेक पाठ्यपुस्तकेच राहिली. १९५७ मध्ये झटपट छायाचित्र देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठात भाषण करताना आग्रह धरला की नवख्या विद्यार्थ्यालाही खऱ्या संशोधनात घ्या. १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तिथे पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम उभा केला.

ही मुळात उमेदवारीच: प्राध्यापकाच्या हाताखाली काम करत शिकायचे. प्रयोगशाळेत ती सहज जमते. तिथे उपकरण लावायला, नमुने तपासायला, आकडे नोंदवायला आणखी दोन हात नेहमीच हवे असतात. दप्तरखान्यात एकट्याने कागद चाळणाऱ्या इतिहासकाराने मात्र विद्यार्थ्याला काय द्यावे? नकला करायला बसवले तर ती कारकुनी, आणि अर्थ लावायला सांगावे तर त्यासाठी लागणारे वाचन त्याच्याजवळ अजून नसते. पदवी पातळीवरच्या संशोधनात इतिहासासारख्या मानव्यविद्या मागे राहिल्या त्या अनास्थेमुळे, असे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

सगळ्या शाखांचे विद्यार्थी एकत्र येत ती जागा ग्रंथालयाची. ‘माहिती साक्षरता’, म्हणजे हवी ती माहिती शोधून नीट वापरता येणे, ही संज्ञा अमेरिकेतल्या माहिती-उद्योग संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरली, तीही उद्योगजगताच्या संदर्भात. ग्रंथपालांनी ती आपलीशी केली. २००० मध्ये अमेरिकन महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने तिचे निकष ठरवले. शोधा, पारखा, वापरा, संदर्भ द्या: हे कुठल्याही शाखेला चालते. पण प्रश्न कसा पडतो, हे त्यात फारसे नव्हते. २०१६ मध्ये ते निकष बाजूला सारून जी चौकट स्वीकारली गेली, तिच्या सहा सूत्रांपैकी एक ‘संशोधन म्हणजे चौकशी’ असे आहे.

अॅडलेड विद्यापीठात जॉन विलिसन आणि केरी ओ’रेगन यांनी त्याआधीच, २००७ मध्ये, वेगळी मांडणी केली होती. एका बाजूला संशोधनाची सहा अंगे, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्याला किती मोकळीक द्यायची याच्या पायऱ्या. पहिल्या पायरीवर प्रश्न आणि पद्धत दोन्ही शिक्षकच देतो. वरच्या पायरीवर दोन्ही विद्यार्थ्याने ठरवायची. तक्ता सर्वांना एकच, पण त्यातल्या चौकोनांची भाषा ज्या-त्या शाखेने आपापली लिहून घ्यायची.