वाटीतली हवा

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक तक्ता फिरत आला: ‘१ कप = २५० ग्रॅम, जिन्नस कोणताही असो.’ घरी त्याच दिवशी केक चालला होता. पाककृतीत २ कप मैदा, म्हणून काट्यावर अर्धा किलो तोलला गेला. जवळजवळ दुप्पट. केक चहात बुडवून संपवला.

कप हे आकारमानाचं माप, ग्रॅम वस्तुमानाचं, आणि दोहोंना जोडणारी घनता आपण शाळेत शिकलोय. पाण्यापुरता तक्ता बराचसा खरा आहे. २४० मिलिलिटरच्या अमेरिकी कपात तेल साधारण २२० ग्रॅम भरतं, मध ३४०. द्रवांचं प्रकरण एवढ्यातच आटोपतं.

खरी गंमत कोरड्या जिनसांची. त्याच कपात साखर २०० ग्रॅम मावते आणि हलक्या हातानं भरलेला मैदा फक्त १२०. मग मैद्याचा कण साखरेपेक्षा हलका असतो का? फारसा नाही. साखरेच्या स्फटिकाची घनता दर मिलिलिटरला १.६ ग्रॅम, मैद्याच्या कणाची दीडच्या आसपास. म्हणजे १२० ग्रॅम मैदा स्वतः ८० मिलिलिटरच जागा व्यापतो. कपाचा उरलेला दोन-तृतीयांश भाग नुसती हवा! साखरेत ती निम्म्याच्या आत असते.

इतकी हवा टिकते कशी? दोन कण एकमेकांना टेकले की रेणूंमधलं क्षीण आकर्षण, व्हॅन डर वाल्स बल, त्यांना चिकटवतं. हे बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात बदलतं, वजन मात्र व्यासाच्या घनाच्या. साखरेचा दाणा अर्धा मिलिमीटर धरा आणि मैद्याचा कण त्याच्या दहाव्या हिश्शाचा. मैद्याचं वजन हजारपट घटलं, चिकटणं फक्त दहापट. म्हणजे वजनाच्या तुलनेत चिकटपणा शंभरपट वाढला. साखरेचा दाणा घरंगळत खळग्यात जाऊन बसतो. मैद्याचा कण जिथे टेकला तिथेच अडकतो, त्याच्यावर दुसरा, आणि आत पोकळ कमानी तयार होतात. कप ओट्यावर आपटा, कमानी कोसळतात, आणि त्याच कपात १५० ग्रॅमसुद्धा मावतो. चाळलात की पुन्हा हवा. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट झालेलं पीठ आणखी गुठळ्या धरतं, ते वेगळंच.

जाता जाता सैंधवाबद्दल. ‘चमचाभर घातलं तरी कमी खारट, म्हणून औषधी’ हे ऐकून कान किटले. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. चमच्याच्या मानानं खडे मोठे, कडेला पोकळ्या जास्त, म्हणून मीठ कमी मावलं. हा गुण हिमालयाचा नाही, खड्यांच्या आकाराचा आहे.

पायली, शेर, मापटं यांची सद्दी १९५६च्या मेट्रिक कायद्यानं संपवली, पण स्वयंपाकघरात वाटी टिकली. आणि ती चुकीची नाही! चकलीत भाजणी आणि पाणी यांचं प्रमाण महत्त्वाचं. वाटी तीच आणि भरणारा हात तोच असला की झालं. आईला एकच वाटी भाजणीनं तीनदा भरायला लावली. भरलं वजन १०२, १०४, १०३ ग्रॅम. मग मी भरली: ९६, १२१, १०९.